पाठीवरचे ओझे आणि पावनखिंडीची वाट

आषाढ हा महाराष्ट्राच्या चालण्याचा महिना आहे. देहू-आळंदीहून निघालेल्या पालख्या एकादशीसाठी पंढरपुरी पोहोचतात, आणि त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, पौर्णिमेच्या आगेमागे, पन्हाळगडावर दुसऱ्या एका पायी वाटचालीसाठी तरुणांचे जथे गोळा होऊ लागतात. पाठीवर सॅक, अंगावर रेनकोट, हाती भगवा ध्वज आणि मुखी 'हर हर महादेव'चा गजर, असे हे जथे बाजीप्रभूंच्या पुतळ्यासमोर नतमस्तक होऊन गड उतरतात आणि मसाईच्या पठाराकडे चालू लागतात. दोन-तीन दिवस पाऊस, धुके, चिखल आणि जळवा यांच्याशी झुंजत साठ-पासष्ट किलोमीटरची वाट तुडवून ते पावनखिंडीत आणि तेथून पुढे विशाळगडी पोहोचतात. या मोहिमा काढणाऱ्या लहानमोठ्या संस्था आज महाराष्ट्रभर आहेत आणि सहभागी होणाऱ्यांची संख्या वर्षागणिक वाढते आहे. ही निःसंशय आनंदाची गोष्ट आहे. परंतु ज्या गोष्टीचा आनंद मानायचा, तिची चिकित्साही आपणच करावयाची असते. ती परक्यांवर सोपवणे योग्य नव्हे.

या चिकित्सेला आणखी एक निमित्त आहे. ११ जुलै २०२५ रोजी, पन्हाळ्याच्या त्या रात्रीच्या स्मृतिदिनाच्या नेमक्या आदल्या दिवशी, युनेस्कोने शिवछत्रपतींच्या व मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचा वारसा सांगणाऱ्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. महाराष्ट्रातील अकरा आणि तामिळनाडूतील जिंजी अशा या बारा किल्ल्यांत पन्हाळगडही आहे. जगाने दिलेली ही मान्यता अभिमानास्पद खरीच. तथापि पन्हाळ्याहून घोडखिंडीकडे जाणारी जी पाऊलवाट आहे, ती कोणत्याही यादीत नाही. तिला तट नाही, बुरूज नाही, पहारेकरी नाही. पन्हाळा आणि शाहूवाडी तालुक्यांतील वाड्या-वस्त्यांचे लोक आणि त्या वाटेवरून चालणारे तरुण, एवढेच तिचे राखणदार. ही वाट संस्काराची शाळा म्हणून राहणार की वर्षातून एकदा भरणाऱ्या जत्रेचा रस्ता होणार, हा प्रश्न म्हणूनच सरकारचा नाही. तो तुमचा-आमचा आहे.

या वाटेवर काय घडले, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. तरीही काही तपशील या चर्चेसाठी पुन्हा डोळ्यांसमोर आणणे आवश्यक आहे. मार्च १६६० पासून आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता. राजापूरच्या वखारीतील इंग्रज आपल्या तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले होते. पावसाळ्यात वेढा सैल पडेल, हा अंदाज खोटा ठरला. नेताजी पालकरांचा बाहेरून वेढा फोडण्याचा प्रयत्नही सफल झाला नाही. अखेर आषाढ पौर्णिमेच्या सुमारास, १२ जुलै १६६० च्या रात्री, भर पावसात शिवराय सुमारे सहाशे निवडक मावळ्यांनिशी गडाबाहेर पडले. दुसऱ्या पालखीत शिवरायांच्या वेषात बसून मृत्यूला सामोरा गेलेला शिवा काशीद हा पन्हाळ्याच्या पायथ्याच्या नेबापूरचा, जातीने नाभिक. पाठलाग जवळ येताच खिंड अडवून उभे राहिलेले बाजीप्रभू देशपांडे हे हिरडस मावळातल्या बांदल देशमुखांच्या पदरचे, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. त्यांच्या खांद्याला खांदा लावून झुंजणारे होते बांदलांचे मराठे शिपाई. पालखी खांद्यावर घेऊन त्या चिखलातून धावणाऱ्या भोयांची तर नावेही आपल्याला ठाऊक नाहीत. आणि पुढे विशाळगडाच्या पायथ्याशी सुर्वे-दळवींचा वेढा फोडून महाराज गडावर पोहोचले, तेव्हाच त्या सर्वांच्या बलिदानाचे सार्थक झाले.

या प्रसंगाकडे आपण नेहमी शौर्याची गाथा म्हणून पाहतो आणि ती तशी आहेच. स्वातंत्र्यवीर सावरकरांना तिच्यावर पोवाडा रचावासा वाटला आणि बंगालच्या योगी अरविंदांना बाजीप्रभूंवर इंग्रजीत दीर्घ काव्य लिहावेसे वाटले, यातच तिचे राष्ट्रीय मोल दिसून येते. पण ज्याने ती वाट स्वतःच्या पायांनी तुडवली आहे, त्याला या गाथेची दुसरी बाजूही समजते. खिंडीतली झुंज काही प्रहरांची होती. तिच्याआधी रात्रभराची अखंड चाल होती. काळोख, धो धो पाऊस, वाहते ओढे, निसरडा जांभा आणि पाठीशी शत्रू, अशा अवस्थेत सहाशे माणसे एका रांगेत, गलका न करता, न विखुरता चालली. पुढचा किती वेगाने चालतो यापेक्षा मागचा सुटत तर नाही ना, याची काळजी ज्यांनी वाहिली, त्यांच्यामुळेच खिंडीत उभे राहायला माणसे उरली. तलवार चालवण्याच्या आधी पाऊल उचलण्याची शिस्त होती. मोहिमेवर जाणाऱ्या तरुणाने शिकावयाचे असेल, तर प्रथम हे शिकले पाहिजे.

डोंगरातील अनेक दिवसांची पदयात्रा हे शिकवते, कारण तेथे ढोंग चालत नाही. सभेत मागे बसता येते, मिरवणुकीत गर्दीत मिसळता येते, शाखेतही एखादा दिवस अंग चोरता येते. पण पाठीवर दहा-बारा किलो वजनाची सॅक घेऊन दिवसभर चढ-उतार करायचे असतील, तर माणूस जसा आहे तसा उघडा पडतो. पहिल्या दिवशी सगळ्यात पुढे पळणारा दुसऱ्या दिवशी दुपारी मुकाट्याने दगडावर बसलेला दिसतो. घरी पाण्याचा पेला न उचलणारा मुलगा संध्याकाळी चूल पेटवण्यासाठी ओल्या लाकडांशी झटत असतो. सदैव तक्रार करणारा एखादा जण, सोबत्याचा पाय मुरगळताच न सांगता त्याची सॅक आपल्या पोटाशी बांधून चालू लागतो. ज्या गुणांवर आपण बौद्धिके देतो, ते गुण तेथे कोणी न सांगता प्रकट होतात, आणि जे अवगुण आपण झाकून ठेवतो तेही.

म्हणूनच पाठीवरच्या ओझ्याला आम्ही महत्त्व देतो. अलीकडे अशा मोहिमांत सामानासाठी टेम्पो ठेवण्याची पद्धत रूढ होऊ लागली आहे. अंथरुणे, कपडे, शिधा, सारे काही टेम्पोतून मुक्कामाच्या गावी आधीच पोहोचते आणि तरुण मंडळी हात हलवत चालत येतात. वारीत दिंडीचे सामान मालमोटारीतून जाते, मग येथे काय बिघडले, असा युक्तिवाद केला जातो. वारीत सत्तर वर्षांची आजीही चालत असते आणि दोन-अडीच आठवडे चालत असते. तिच्या ओझ्याची आणि विशीतल्या तरुणाच्या ओझ्याची तुलना होऊ शकत नाही. ज्याला स्वतःचे वजन वाहता येत नाही, तो दुसऱ्याचे काय वाहणार? एक कोरडा कपड्यांचा जोड, पांघरूण, ताट-वाटी, विजेरी, स्वतःचे औषध आणि समूहाच्या शिध्यातील आपला वाटा, एवढे ज्याचे त्याने वाहिले पाहिजे. ओझे बांधताना आपल्याला जगायला खरोखर किती थोडे लागते हे उमगते. आजच्या सुखवस्तू घरांतील मुलांना हा धडा कोणत्याही क्रमिक पुस्तकातून मिळणार नाही.

दुसरा धडा वेगाचा. समूहाचा वेग हा नेहमी सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग असतो, हा डोंगराचा नियम आहे. अनुभवी म्होरके आपला सर्वांत भरवशाचा कार्यकर्ता पुढे न ठेवता अगदी शेवटी ठेवतात. त्याच्यामागे कोणी उरता कामा नये, एवढीच त्याची जबाबदारी. त्याला खिंडीत सर्वांत उशिरा पोहोचावे लागते, छायाचित्रात तो बहुधा नसतो आणि जेवणही त्याच्या वाट्याला थंड येते. संघटनेचे काम करणाऱ्यांना यातला अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. समाजाचा जो घटक मागे राहिला आहे, त्याच्या पावलाशी पाऊल जुळवल्याखेरीज समाज पुढे गेला असे म्हणता येत नाही. समरसता हा शब्द व्याख्यानांतून कितीही वेळा उच्चारला, तरी तो अंगी मुरतो एका पातेल्यातले पिठले-भाकरी खाताना आणि एका छपराखाली ओल्या कपड्यांनी दाटीवाटीने झोपताना. तेथे कोणी कोणाचे आडनाव विचारत नाही. पावनखिंडीच्या रणात लढलेल्या बांदलांच्या सेनेला शिवरायांनी दरबारातील मानाचे पहिले पान दिले आणि जेध्यांनी ते आनंदाने सोडले, असे परंपरा सांगते. मान एकट्या वीराला न देता सेनेला देण्याची ही दृष्टी आपण जपली पाहिजे.

अशा मोहिमांवर दोन बाजूंनी आक्षेप घेतले जातात. एक आक्षेप बुद्धिजीवी म्हणवणाऱ्या वर्गाचा. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या लढायांत तरुणांना रमवण्यापेक्षा त्यांना वर्तमानात जगायला शिकवा, असा उपदेश हा वर्ग अधूनमधून करीत असतो. त्याला आमचे उत्तर वादाचे नाही, घटनांचे आहे. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस खोल दरीत कोसळली आणि तीस जण मृत्युमुखी पडले. त्या दरीत भर पावसात दोर लावून उतरले आणि मृतदेह वर आणले, त्यांत सह्याद्रीत भटकणाऱ्या गिर्यारोहक संस्थांचे तरुण होते. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाहने पोहोचू शकत नव्हती, अंधारात चिखलाची चढण चढून जावे लागत होते. तेथेही शासकीय पथकांच्या बरोबरीने हेच तरुण राबले. गडांच्या वाटा तुडवल्या म्हणूनच त्यांना ती चढण चढता आली. डोंगराचे शिक्षण वर्तमानात कसे उपयोगी पडते, याचा याहून वेगळा दाखला कशाला हवा? इतिहास जगणारी माणसे वर्तमानापासून पळत नाहीत. वर्तमानात संकट आले, की ती दोर घेऊन धावतात.

दुसरा आक्षेप पालकांचा आहे आणि तो आम्ही अधिक गांभीर्याने घेतो. आपल्या मुलाला किंवा मुलीला पावसाळ्यात डोंगरात पाठवताना आईवडिलांचे काळीज धडधडते. ते स्वाभाविक आहे. माळीण, तळीये, इर्शाळवाडी ही नावे ज्यांनी वृत्तपत्रांतून वाचली आहेत, त्यांना सह्याद्रीचा पावसाळा किती उग्र होऊ शकतो हे ठाऊक आहे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ते कोणत्याही अवघड सुळक्यावर गेले नव्हते. सहलीला गेले होते. ओढ्याचे पाणी पाहता पाहता वाढते, हे न कळल्याची किंमत त्यांना मोजावी लागली. पालकांच्या भीतीला 'मर्द मावळे असे घाबरत नसतात' हे उत्तर देणारा संयोजक बेजबाबदार आहे, असेच आम्ही म्हणू. पालकांनी मुलांना घरी बसवू नये, पण संयोजकाला प्रश्न जरूर विचारावेत. तुमच्यापैकी किती जणांनी ही वाट आधी चालली आहे? प्रथमोपचार कोणाला येतो? स्थानिक वाटाड्या सोबत आहे का? पाऊस वाढला तर मध्येच बाहेर पडण्याच्या वाटा कोणत्या? ज्याच्यापाशी या प्रश्नांची उत्तरे असतील, त्याच्या हाती मूल निर्धास्तपणे द्यावे. नसतील, तर ध्वज कितीही उंच असला तरी देऊ नये.

आता आपल्याच घरातील दोषांविषयी. ही वाट चालणाऱ्या संस्थांत निष्ठेने व नेटकेपणाने काम करणाऱ्या अनेक आहेत, त्यांना हे लागू नाही. पण संख्येचा मोह अनेकांना पडला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. 'यंदा आमच्यासोबत इतके शेकडा होते' हे सांगण्यात भूषण वाटू लागले, की बाकी सारे घसरते. शेकडो जणांचा लोंढा एका पाऊलवाटेवर उतरला, की पुढचा कोण आणि मागचा कोण हे कोणालाच कळत नाही. मसाईच्या विस्तीर्ण पठारावर धुके उतरले, की हाकेच्या अंतरावरचा माणूस दिसेनासा होतो. तेथे मोठ्या समूहातून दोघे-चौघे भरकटले तर ते संध्याकाळपर्यंत ध्यानातही येत नाही. मुक्कामाच्या वाडीत दहा-पंधरा घरे असतात. तिथल्या विहिरीवर, शाळेच्या पडवीवर, शौचाच्या सोयीवर एकदम तीनशे माणसांचा भार पडतो. सकाळी जथा निघून जातो आणि मागे राहतात पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे कागद आणि फाटके प्लॅस्टिकचे रेनकोट.

यात भर पडते ती ध्वनिवर्धकांची, कातळावर रंगाने संस्थेचे नाव लिहिण्याची आणि खिंडीत चित्रफिती काढण्यासाठी लागणाऱ्या रांगांची. जेथे बाजी पडले, तेथे दोन क्षण स्तब्ध उभे राहण्याऐवजी भ्रमणध्वनीसमोर आवेशाने घोषणा देण्याची जणू चढाओढ लागते. घोषणेला आमचा विरोध नाही. थकलेल्या पायांना घोषणा बळ देते. पण जी घोषणा पाय उचलण्यासाठी नसून दुसऱ्याला दिसण्यासाठी आहे, तिचा शिवरायांशी काय संबंध? सारी रात्र मुकाट चालणाऱ्यांचे स्मरण आपण गोंगाटाने करावे, यासारखा विपर्यास नाही. भाताची लावणी चालू असते, त्या खाचरांच्या बांधांवरून शेकडो पाय गेले, की बांध फुटतो आणि त्या शेतकऱ्याचे रोप वाहून जाते. हिंदवी स्वराज्याच्या सैन्याने रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये, अशी शिवरायांची ताकीद होती. त्याच राजाच्या नावाने निघालेल्या मोहिमेने रयतेचे खाचर तुडवावे काय?

यावर उपाय अवघड नाहीत, पण ते स्वतःहून स्वीकारावे लागतील. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये साहसी उपक्रमांसाठी शासननिर्णय काढला आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण ठरवले. नियम आहेत, पण नियमांनी शिस्त येत नसते. आमच्या मते एका तुकडीत तीस-पस्तीसहून अधिक माणसे नसावीत. अधिक आली तर वेगवेगळ्या दिवशी वेगळ्या तुकड्या निघाव्यात. तिथीचाच आग्रह धरून साऱ्यांनी एकाच रात्री निघण्याची गरज नाही. श्रद्धा आठ दिवस आधी वा नंतर चालल्याने कमी होत नाही. प्रत्येक तुकडीत पुढचा, मधला आणि शेवटचा असे तीन जबाबदार कार्यकर्ते असावेत आणि दर थांब्यावर मोजदाद व्हावी. निघण्यापूर्वी महिनाभर सहभागी तरुणांनी ओझे घेऊन चालण्याचा सराव करावा. आणलेला कचरा प्रत्येकाने आपल्याच सॅकमधून परत न्यावा आणि जमल्यास वाटेवरचा थोडा उचलावा. खाचराच्या कडेने वळसा पडला तरी तो घ्यावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माघारी फिरण्याची तयारी ठेवावी. हवामान खात्याने लाल इशारा दिला असताना, ओढे दुथडी भरून वाहत असताना, 'मावळ्यांनी पाऊस पाहिला नव्हता' असे म्हणून मुलांना पुढे रेटणे हे शौर्य नव्हे. ज्या रात्रीच्या स्मरणार्थ आपण चालतो, ती रात्र मुळात एका सुनियोजित माघारीची होती, हे आपण का विसरतो? शिवरायांनी पन्हाळ्यावर हट्टाने मरण पत्करले नाही. त्यांनी गड सोडला. त्याच वर्षी पुढे पन्हाळा सिद्दीच्या हाती देण्यात आला आणि १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने अवघ्या साठ माणसांनिशी तो पुन्हा स्वराज्यात आणला. कोणत्या दिवशी मागे सरायचे हे ज्याला कळते, त्यालाच तेरा वर्षांनी पुन्हा त्या तटावर चढता येते. तेव्हा आंबेवाडीच्या मुक्कामावरून 'उद्या पुढे जाणे नाही' असा निर्णय घेणारा म्होरक्या भ्याड नसतो. शिवचरित्र त्याला इतरांहून चांगले समजलेले असते. अशा निर्णयाची थट्टा न होता त्याचा सन्मान झाला पाहिजे.

या वाटेवरच्या वाड्यांविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, पाटेवाडी ही नावे या वाटेवरून चाललेल्या प्रत्येकाच्या ओठी असतात. भिजून आलेल्या अनोळखी मुलांसाठी आपल्या घराची ओसरी मोकळी करणारी, चुलीजवळ कपडे वाळत घालू देणारी, गरम नाचणीची भाकरी वाढणारी माणसे या वाड्यांतून राहतात. पण आपण तेथे वर्षातून एक रात्र असतो. उरलेल्या दिवसांत तेथे काय घडते? कर्ता तरुण कोल्हापूर-मुंबईला कामाला गेलेला असतो. घरी म्हातारे आईवडील आणि लहान मुले असतात. पावसाळ्यात आजारी माणसाला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. गव्यांनी पिकाची नासाडी केली तर तक्रार कोठे करायची, हा प्रश्न पडतो. त्या रात्री शिवरायांची पालखी वाहणारे भोई असेच कोणत्या तरी वाडीतून आले असतील. त्यांच्या आजच्या वंशजांचे ओझे वाहण्यासाठी आपले खांदे पुढे येणार नसतील, तर खिंडीत वाहिलेल्या फुलांना फारसा अर्थ उरत नाही.

म्हणून आमची सूचना अशी आहे, की ज्या संस्था दरवर्षी ही मोहीम काढतात, त्यांनी वाटेवरील एकेक वाडी आपली मानावी. मुक्कामाचा आणि जेवणाचा योग्य मोबदला द्यावा, तो उपकार म्हणून नव्हे तर हक्क म्हणून द्यावा. दिवाळीनंतर, शेतीची कामे उरकल्यावर, त्याच तुकडीने पुन्हा त्या वाडीत जावे. सोबत एखादा डॉक्टर असावा, शाळेतल्या मुलांसाठी पुस्तके असावीत. आणि ज्या वाडीत मुलगा दहावीनंतर शिकण्यासाठी शहरात येऊ पाहतो, तेथे त्याच्या राहण्याची सोय लावून द्यावी. वनवासी आणि दुर्गम भागातील मुलांची वसतिगृहे चालवण्याचा अनुभव आपल्या परिवारातील संस्थांना आहे. तो येथे कामी यावा. आषाढात जो आपल्याला वाट दाखवतो, त्याला कार्तिकात आपण विसरलो, तर ती कृतघ्नता ठरेल.

मुलींच्या सहभागाविषयीही स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. पुष्कळ घरांतून आजही मुलाला मोहिमेवर जाऊ दिले जाते आणि मुलीला 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून थांबवले जाते. जिजाऊंचे नाव घेणाऱ्या समाजाला हे शोभत नाही. मुलींसाठी महिला कार्यकर्त्यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र तुकड्या निघू शकतात. निवासाची आणि स्वच्छतेची नीट व्यवस्था करणे हे संयोजकांचे कर्तव्य आहे, मुलींना न नेण्याचे ते कारण होऊ शकत नाही. ज्या घरातील मुलगी दोन दिवस पाठीवर ओझे घेऊन पावसात चालून आली, त्या घराला तिच्या पुढच्या आयुष्यातील चढणींची फारशी चिंता करावी लागणार नाही.

कोणी विचारील, एवढ्याशा दोन-तीन दिवसांच्या भटकंतीवर इतका विचार कशासाठी? कारण तरुण मनावर दीर्घकाळ राहणारे ठसे अशाच दिवसांत उमटतात. स्वामी विवेकानंद परिव्राजक म्हणून भारतभर हिंडले आणि डिसेंबर १८९२ मध्ये कन्याकुमारीच्या शिलेवर ध्यानस्थ बसले, तेव्हा त्यांच्यासमोर जो भारत होता तो ग्रंथांतला नव्हता. तो पायांखालून गेलेला, ज्याच्या ओसरीवर भाकर खाल्ली तो भारत होता. गो. नी. दांडेकरांनी उभे आयुष्य गडकोटांच्या संगतीत घालवले आणि मराठी घरांना दुर्गांची गोडी लावली, तीही पायी हिंडून. देशभक्ती ही भावना आहे हे खरे, पण तिला देशाच्या मातीची ओळख हवी. जांभ्याच्या कातळावर पाय घसरल्याशिवाय, ओढ्याच्या पाण्याचा जोर कमरेला जाणवल्याशिवाय, परक्या माउलीच्या हातची भाकरी खाल्ल्याशिवाय ही ओळख पुरी होत नाही. घरबसल्या पडद्यावर गड पाहणाऱ्या पिढीला ही ओळख करून देण्याचे सामर्थ्य या मोहिमांत आहे. ते गर्दीत आणि गोंगाटात वाया जाऊ देणे आपल्याला परवडणारे नाही.

आषाढ पौर्णिमा ही गुरुपौर्णिमा. भगव्या ध्वजाला गुरुस्थानी मानून त्याच्यासमोर दक्षिणा अर्पण करणारे स्वयंसेवक जाणतात, की दक्षिणेचे मोल रकमेत नसते, अर्पण करण्याच्या वृत्तीत असते. पावनखिंडीच्या वाटेवर घेऊन जायचा ध्वजही तोच आहे. त्याच्यामागे किती माणसे चालली याची मोजदाद कोणी करणार नाही. त्याच्यामागे चालणाऱ्यांनी कोणाचे ओझे उचलले, कोणाची खाचरे राखली, कोणाला मागे पडू दिले नाही, याचा हिशेब मात्र ती वाट ठेवते. यंदा ज्या तुकड्या पन्हाळ्याहून निघतील, त्यांच्या म्होरक्यांना आमची एकच विनंती आहे. खिंडीत पोहोचल्यावर घोषणा देण्यापूर्वी मागे वळून पाहावे, आणि आपला शेवटचा सोबती दिसेपर्यंत थांबावे. तो आल्यावर मग सर्वांनी मिळून बाजींना वंदन करावे.